पावणेदोनचा ताळा

अण्णा, काल तुमचं तेरावं झालं. आज सकाळी तुमची लेक शालूताई तिच्या गावी गेली. भात कापणीला आलंय, तिला थांबून चालणार नव्हतं. तुमचा मुलगा पहिल्या पाळीला खोपोलीला गेला, जुई शाळेत गेली, मागून आणलेल्या सतरंज्या ज्यांच्या त्यांच्याकडे पोचल्या आणि इतक्या दिवसांनी घरात मी एकटी उरले. याच वेळेची मला धास्ती होती.

तुमच्या टेबलाशी बसलेय. समोर वेलदोड्याची स्टीलची डबी आहे. तिच्यात तुमच्या गोळ्यांचे तुकडे आहेत. ती उघडायची आणि बघायचं, एवढंच काम आहे. दहा मिनिटांचं. ते होत नाही म्हणून लिहायला घेतलंय.

सून घाबरट आहे हे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कुकरची शिट्टी झाली की मी दचकायची. बोरघाटात गाडी वळली की डोळे मिटायची. पाल दिसली तर तुम्हाला हाक मारायची, आणि तुम्ही पेपर खाली न ठेवता म्हणायचात, "मालन, ती तुझ्यापेक्षा जास्त घाबरलीय." पण या सगळ्यापेक्षा मला जास्त भीती कशाची होती, तर अपूर्णांकांची. आकड्याखाली आडवी रेघ आणि रेघेखाली दुसरा आकडा दिसला की माझं डोकं बंद व्हायचं. आता मला वाटतं, त्या भीतीला आधीपासूनच काहीतरी ठाऊक होतं.

मी कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या वरच्या अंगाची. नववीपर्यंत शिकले, मग शाळा लांब म्हणून आईनं घरी बसवलं. लग्न होऊन दहिवलीला आले ती गणिताच्या मास्तरांच्या घरात. बिचारी, असं माहेरी सगळे म्हणाले. तुम्ही खालापूर तालुक्यात जन्मभर गणित शिकवून नुकतेच घरी बसला होता आणि शिकवायला कुणी नव्हतं. जुई बालवाडीत जायला लागली त्या वर्षी तुम्ही सतरा नंबरचा फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवलात. बाहेरून दहावीला बसायचं. घाबरले की माझ्या तोंडात माहेरची बोली येते, तशी आली.

"नाय येत मला, अण्णा. खरंच नाय जमायचं."

"काय नाही येत?"

"ते एक्सवालं. त्यात परत अपूर्णांक."

"कोबी चिरता येतो ना?"

असं सुरू झालं ते. मी ओट्याशी भाजी चिरायची आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर स्टूल टाकून बसायचात. अर्धा कोबी आणि पाव कोबी किती? पाऊण कोबी. अर्धा कोबी आणि पाव भोपळा किती? मी पुष्कळ विचार केला आणि म्हटलं, "भाजी." तुम्ही इतके हसलात की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. मग डोळे पुसत म्हणालात, "भाजीत चालेल. गणितात नाही. गणितात नाव वेगळं, चूल वेगळी."

पुस्तकात त्यांना सजातीय पदं म्हणतात. एक्सवाली एक्सवाल्यांत, वायवाली वायवाल्यांत, आणि मगच पुढचे आकडे मिळवायचे. मला ते आकडेच आधी दिसायचे. अर्धा, पाऊण, पाव, सगळे दिसतील तसे मिळवून मोकळी व्हायची. तुम्ही रागावला नाहीत कधी. एकदा फक्त म्हणालात, "घाबरलेला माणूस आधी मिळवतो आणि मग वेगळं करायला बसतो. तोवर वेगळं करण्यासारखं काही उरत नाही."

आपलं भांडण लसाविवरून. तुम्ही लहानपणी पावकी, निमकी, सवायकी, म्हणजे पावाचे, अर्ध्याचे, सव्वाचे पाढे, पाठ केलेले. अर्धा एक्स अधिक पाऊण एक्स म्हटलं की तुम्ही छताकडे बघून म्हणणार, "सव्वा एक्स." मी म्हणायची, असं नुसतं उत्तर लिहून मार्क देत नाहीत, छेद समान करून दाखवावा लागतो. तुम्ही म्हणायचात, ज्याला अर्धा आणि पाऊण मिळून सव्वा होतात हे दिसत नाही, त्यानं छेद समान करावेत. मी चिडायची. एकदा मुद्दाम विचारलं, "एक तृतीयांश एक्स अधिक अर्धा एक्स?" तिसऱ्या हिश्श्याचा पाढाच नाही तुमच्याकडे. तुम्ही छताकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "तिथं तुझं राज्य." मी ते राज्य पुढे वर्षभर मिरवलं. जुईला तुम्ही पाढे शिकवायचात आणि मी पाठीमागून लसावि. पोरगी दोन्हीकडून शहाणी झाली. पण शेवटी खरं कुणाचं, ते काही आपलं ठरलं नाही.

आणि तुमचा तो एक शब्द. उत्तर दाखवलं की तुम्ही कधी "बरोबर" म्हणाला नाहीत. "ताळा?" असं विचारायचात. उलटून पडताळून दाखवल्याशिवाय तुमच्या लेखी उत्तर आलेलंच नसायचं. माझा दहावीचा निकाल लागला, मी पेढे घेऊन तुमच्या पाया पडले, तेव्हाही गुणपत्रिका हातात घेऊन बेरीज करायला बसलात. मी खूप हसले होते तेव्हा.

आता ती गोळी.

तुमचं हृदय ठेका चुकायला लागलं आणि कर्जतच्या डॉक्टरांनी रक्त पातळ राहायची गोळी दिली. पाऊण गोळी, रोज संध्याकाळी. रविवारी सकाळी बसून मी आठवड्याच्या गोळ्या मोडून ठेवायची. त्या गोळीवर अधिकची खूण होती, खाचेवर दाबलं की चार सारखे चतकोर व्हायचे. मग या पावसाळ्याच्या शेवटी तुमच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्त फार पातळ झालंय, कमी ताकदीची गोळी देतो, ही रोज सव्वा घ्यायची. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "या औषधात पावानंही फरक पडतो बरं का, वहिनी." मी घरी येईपर्यंत ते वाक्य घोकत होते.

नवी गोळीही पांढरी, तेवढीच. तिच्यावर एकच रेघ. अर्धी नीट व्हायची, पण अर्ध्याचे चतकोर करायला मला सुरी लागायची. आठवड्याचे सात चतकोर डबीत गेले की जास्तीचा तुकडा मी पाकिटातच परत ठेवायची. पाकिटात होत्या तोवर प्रश्न नव्हता, पाकिटावर नाव असतं. पण जुन्या गोळीचे काही तुकडे मोडून ठेवलेले उरले होते. मी टाकायला निघाले तर तुम्ही हात धरलात. डॉक्टर पुन्हा वाढवतील, औषध फेकायचं नाही. ठीक आहे म्हटलं, नव्यांच्याच डबीत ठेवते, मध्ये कागद घालते.

"दोन डब्या कर, मालन."

"एकीत काय बिघडलं? कागद घालते ना."

"कागद सरकतो."

"मी लक्ष ठेवीन."

"तू ठेवशील. कागद ठेवणार नाही." आणि एक तुकडा उचलून माझ्या डोळ्यांपुढे धरलात. "हा काय आहे?"

"चतकोर."

"कशाचा?"

मी तो उलटासुलटा करून बघितला. "बघ," तुम्ही म्हणालात. "नुसतं पाव म्हणजे काहीच नाही. मोडली की गोळीचं नाव जातं."

मग तुमची सुपारीची डबी रिकामी केली, तशीही सुपारी बंदच झाली होती, आणि जुने तुकडे तिच्यात गेले. झाकण लावण्याआधी तुम्ही माझी परीक्षा घेतलीत. किती आहेत? अर्ध्या दोन, चतकोर तीन. म्हणजे? पावणेदोन. कशाच्या? जुन्या गोळीच्या. ताळा? दोन अर्ध्यांची एक, वर तीन पाव. मग झाकण लागलं. मी मनात म्हटलं, म्हातारा अगदी अती करतो. नव्या गोळ्या वेलदोड्याच्या डबीत गेल्या आणि दोन्ही डब्या तुमच्या उशाशी फळीवर राहिल्या, शेजारी शेजारी.

तुमच्या शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी संध्याकाळी लाईट गेली होती. तारांचं काम चाललं होतं, रोजच जायची. कुकर गॅसवर, जुई पाणी मागत होती, आणि तुम्ही गोळीची आठवण केलीत. मी फळीकडे हात नेला, डबी उघडली, एक अख्खी आणि एक चतकोर काढून तुमच्या तळहातावर ठेवली. तुम्ही गिळलीत. एवढं मला आठवतं. डबी कोणती होती ते आठवत नाही. एकच उघडली की दोन्ही, तेही नाही. बोटांना सुपारीच्या डबीचा पत्रा लागला होता का, की ते मी नंतर मनानं घातलं? मी इतक्यांदा ती संध्याकाळ उगाळलीय की आता तिच्यात खरं काय उरलंय ते मलाच कळत नाही.

गुरुवारी सकाळी तुम्ही चहाचा कप तोंडाला लावलात आणि तो तिरका झाला. दुपारपर्यंत सगळं संपलं. डोक्यात रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या जिन्यात तुमच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, "वय होतं. आणि या गोळीवर असलेल्या माणसांना कधीकधी होतं असं." तुमच्या मुलानं मान हलवली. मी त्याच्या मागे उभी होते.

तेव्हापासून मी रडलेली नाही, अण्णा. लोकांना वाटलं, मालन खंबीर आहे. मी खंबीर नव्हते, मला भीतीनं रडू फुटत नव्हतं. जो यायचा तो म्हणायचा, सुनेनं फार केलं, लेकीनं केलं नसतं. शालूताईनं तर गळ्यात पडून टाहो फोडला, "माझ्या बापाला तू जपलंस गं, मालन! आमी दूर होतो, तू होतीस!" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि माझी नजर फळीवर होती. सुपारीची डबी तिथंच होती, म्हणजे मोजता येणार होतं. तिच्यात पावणेदोन असले तर मी तिला हात लावलेला नाही. कमी असले तर लावलाय. इतकं सोपं होतं ते. गर्दी कमी झाली की बघू, असं मी रोज ठरवत गेले. खरं म्हणजे गर्दी आहे याचंच मला बरं वाटत होतं.

आणि दहाव्याच्या आदल्या दिवशी फळीवर एकच डबी दिसली.

"ताई, इथली सुपारीची डबी कुठंय?"

"तीळ भरलेत तिच्यात. उद्या नदीवर न्यायला झाकणाची डबी नको का?" शालूताई तांदूळ निवडत म्हणाली.

"आणि आतले तुकडे?"

"गोळ्याच ना त्या! टाकल्या दुसरीत. अगं, माणूस नाय राहिला, आता त्याचं औषध वेगवेगळं कशाला ठेवायचं?"

तिचं काही चुकलं नाही. कुणीही तेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी तुमची सुपारीची डबी काळे तीळ घेऊन उल्हासच्या काठावर गेली आणि धुऊन परत आली, आणि मी तिच्याकडे बघत राहिले. मला वेगळं करायचं होतं त्याआधीच कुणीतरी सगळं मिळवून टाकलं होतं.

तुमच्या मुलाला सांगावंसं दोनदा वाटलं. त्याला काय सांगायचं? तुझ्या वडलांना मी बहुतेक चुकीची गोळी दिली, बहुतेक नाही? तो म्हणाला असता, वेडी आहेस का. त्यानं मला माफ केलं असतं, न मोजता. ते मला नको आहे. तुमच्या घरात न मोजता काही मिळवायची मला सवय राहिलेली नाही, ती तुम्हीच मोडलीत.

आता डबी उघडते. ऊन खिडकीतून टेबलावर आलंय, नंतर ते भिंतीवर जाईल. तुमचं भिंग घेतलंय. मोतीबिंदू काढल्यावरही पेपर वाचायला तुम्ही ते सोडलं नव्हतं.

उघडली. पुढचं आता लिहितेय, अक्षर वाईट आलं तर समजून घ्या.

सगळे तुकडे ताटात ओतले. सगळ्यांना वेलदोड्याचा वास येत होता. आधी नाव बघ, मग आकडा, असं मोठ्यानं म्हटलं. अख्ख्या तीन होत्या, एकाच रेघेच्या, म्हणजे नव्या. त्या बाजूला. अर्ध्या दोन. त्यांच्या पोटावरून अर्धी खाच गेलेली दिसली, म्हणजे अधिकच्या खुणेच्या, जुन्या. राहिले चतकोर. जुन्या गोळीचा चतकोर दोन्ही कडांनी गुळगुळीत असतो, खाचेवर मोडलेला. नव्याची एक कड खरबरीत असते, सुरीनं कापलेली. एकेक भिंगाखाली धरला. दोन गुळगुळीत. बाकी चार खरबरीत.

दोन अर्ध्या आणि दोन चतकोर. दीड.

पुन्हा बघितलं. दीड.

अण्णा, तेव्हा मला काय झालं ते लिहिता येणार नाही. जुन्या गोळीचा एक चतकोर नव्हता. एक अख्खी नवी आणि एक चतकोर जुना, असं ठेवलं मी तुमच्या हातावर. दोन्ही डब्या उघडल्या होत्या तर. आणि तुम्ही अंधारात माझ्यावर विश्वास ठेवून गिळलंत. डॉक्टर म्हणाले होते, पावानंही फरक पडतो. मी टेबलाची कड धरून बसले आणि "अण्णा, नाय, नाय, नाय," असं म्हणत राहिले. घरात कुणी नव्हतं हे बरं झालं.

बऱ्याच वेळानं खरबरीत चतकोर पुन्हा चाळले. कशासाठी, माहीत नाही, हाताला काहीतरी हवं होतं. त्यातल्या एकाची कड मला वेगळी वाटली. सुरीनं कापलेली कड सरळ खाली उतरते. ही झडल्यासारखी होती. आणि टोकाशी, अगदी टोकाशी, खाचेचा उतार राहिल्यासारखा दिसला. म्हणजे ही कड मुळात गुळगुळीत असेल, डबीतून डबीत ओतताना तिचा चुरा झाला असेल. मी तो चतकोर उचलून जुन्यांत ठेवला. पावणेदोन झाले.

सुटले असं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. त्याऐवजी दुसरीच भीती आली, पहिलीपेक्षा वाईट. तो उतार खरंच होता, की मला हवा होता म्हणून दिसला? ज्या तुकड्यानं माझी मान सुटते तोच तुकडा मी या कडेचा त्या कडेला ढकलला. तुम्ही असता तर भिंग घेऊन एकदा बघितलं असतंत. मी तुमच्या तोंडाकडे बघितलं असतं आणि मला कळलं असतं. तपासून द्यायला कुणी नाही, ही गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजली.

सगळे तुकडे पुन्हा मिसळले आणि जुईची वाट बघत बसले.

ती आली, दप्तर टाकलं, आणि तुमच्या खुर्चीत मी बसलेली बघून जरा थबकली. मी म्हटलं, अण्णांच्या गोळ्या वेगळ्या करायच्या आहेत, आत्यानं मिसळल्यात. जुन्या कोणत्या, नव्या कोणत्या, कडा कशा बघायच्या, तेवढंच सांगितलं. जुन्या किती असायला हव्यात हे सांगितलं नाही. मी मुद्दाम ओट्याशी जाऊन उभी राहिले, तिला माझा चेहरा दिसू नये म्हणून. तिनं हात धुतले, भिंग घेतलं. तुमच्यासारखंच एक डोळा मिटते ती.

"आई, जुन्या दीड. नव्या चार."

माझ्या हातातलं भांडं मी हळूच खाली ठेवलं. "बरं," म्हटलं.

"पण थांब." ती मोजत होती. "नवी रोज किती घ्यायचे अण्णा?"

"सव्वा."

"आणि तू आठवड्याच्या एकदम मोडून ठेवायचीस. मग उरलेल्या सव्वाच्या पाढ्यात यायला पाहिजेत ना? सव्वा, अडीच, पावणेचार, पाच." बोटं मोडत म्हणाली. "चार येतच नाही त्यात. काहीतरी चुकलंय."

तिला वाटलं, वाटण्या चुकल्या. दुसरं काय चुकलेलं असू शकतं ते तिला माहीत नव्हतं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार या तीन संध्याकाळच्या उरायला हव्या होत्या, म्हणजे पावणेचार. एक पाव जास्त होता नव्यांत, आणि एक पाव कमी होता जुन्यांत. आता एकतर तो तुकडा चुकीच्या घरात बसला होता, नाहीतर मंगळवारी मी चुकले होते. दोन्हीपैकी एक. आणि ते ठरणार होतं एका तेरा वर्षांच्या मुलीच्या मिटलेल्या डोळ्यानं.

मी ओट्याला पाठ लावून उभी होते. ती नव्यांतले चतकोर एकेक करून उन्हात फिरवत होती. पहिला ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा खूप वेळ धरून बसली.

"आई, हा कापलेला नाहीये."

"कशावरून?"

"कड झडलीय नुसती. इथं टोकाला बघ, उतार आहे. सुरीला असा उतार येत नाही." आणि तिनं तो उचलून अलीकडे ठेवला, त्याच जागी. "जुन्या पावणेदोन. नव्या पावणेचार."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ताळा?"

"सव्वा, अडीच, पावणेचार. तीन दिवसांच्या उरल्यात," ती म्हणाली, आणि दप्तरातून डबा काढायला वळली.

सवायकीनं सोडवलं, अण्णा. लसाविनं नाही. आपलं भांडण तुम्ही जिंकलात आणि हे सांगायला मी या घरात तुम्हाला शोधतेय. तुमच्या मुलीनं तीळ भरले होते ती डबी मी पुन्हा पुसून घेतली आणि जुने तुकडे तिच्यात ठेवले. नवे वेलदोड्याच्या डबीत. दोन्ही फळीवर ठेवल्या. आता त्यांचा काही उपयोग नाही, मला माहीत आहे. पण दोन डब्या करण्यात तुम्ही अती करत नव्हता, हे कुठंतरी दिसायला हवं.

तुम्हाला सांगायचं बरंच राहिलं. दहावीच्या पेपराला जाताना तुम्ही स्टँडपर्यंत चालत आलात आणि रिक्षेत बसल्यावर माझ्या मांडीवर एक पेन जास्तीचं ठेवलंत. मी तेव्हा बाहेर बघत राहिले. मला बापाचं सुख आठवत नाही, माझे वडील मी लहान असताना गेले. त्या रिक्षेत मला वाटलं होतं, असंच असत असेल ते. हे तुम्हाला एकदा म्हणायचं होतं. सासऱ्याला असं कसं म्हणायचं, म्हणून राहून गेलं.

चौदा दिवस मी घाबरलेली होते. तुमच्याकडे बघायला मला वेळच झाला नाही. रोज तुमच्या फोटोला हार घातला, आणि रोज मनात डबीच मोजत होते. एका अर्थानं तुम्ही इथंच होता, मला काहीतरी सोडवायला दिलेलं होतंत आणि उत्तर दाखवायचं बाकी होतं.

मघाशी जुई डबा धुवायला आत आली आणि मी ओट्याशी खाली बसलेली दिसले तिला. पदर तोंडात कोंबून रडत होते. ती घाबरली. माझ्याशेजारी उकिडवी बसली, टेबलाकडे बघितलं, फळीवरच्या दोन डब्यांकडे बघितलं.

"आई, रडतेस काय? बरोबर आलंय की."

बरोबर आलंय, अण्णा. आता तुम्ही गेलात.